पाण्यावरच्या एसटीला वाली कोण?

पाचगणीच्या टेबललँडवर उभे राहिले की खाली कृष्णेचे खोरे आणि त्यात विसावलेला धोम धरणाचा जलाशय दिसतो. प्रवासी तो डोळे भरून पाहतात आणि पुढे महाबळेश्वरच्या वाटेला लागतात. त्याच महाबळेश्वर तालुक्यात, डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, याहून कितीतरी मोठा असा दुसरा जलाशय पसरलेला आहे. कोयना धरणाचा हा शिवसागर तापोळ्यापासून बामणोलीमार्गे थेट कोयनानगरपर्यंत पसरला असून सोळशी, कांदाटी अशा नद्यांच्या खोऱ्यांत त्याच्या पाण्याची बोटे शिरलेली आहेत. पर्यटकांच्या पुस्तिकांत तापोळ्याला ‘मिनी काश्मीर’ म्हटले जाते. जे पाण्याकडे सुटीच्या दिवशी पाहतात, त्यांना ही उपमा गोड वाटणे स्वाभाविकच आहे. परंतु या जलाशयाच्या पश्चिम काठावर जी माणसे वर्षाचे बाराही महिने राहतात, त्यांच्या दृष्टीने हे पाणी म्हणजे रस्ता आहे, आणि त्या रस्त्यावर एसटी धावत नाही.

जलवाहतुकीचा विषय महाराष्ट्रात पुन्हा चर्चेत आला आहे. मुंबईत फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘वॉटर टॅक्सी’ समारंभपूर्वक सुरू झाली. केरळातील कोचीची ‘वॉटर मेट्रो’ एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाल्यानंतर तशीच व्यवस्था मुंबईतही व्हावी, असे मनसुबे शासनाने बोलून दाखविले आहेत. महानगराच्या गर्दीवर उतारा म्हणून समुद्राकडे पाहिले जावे यात गैर काहीच नाही. पण पाण्यावरून माणसे नेण्याचा प्रश्न केवळ महानगराचा आहे, अशी समजूत यातून दृढ होत असेल तर ती दुरुस्त करावयास हवी. महाराष्ट्रात जलवाहतुकीची गरज जिथे सर्वांत निकडीची आहे, तिथे तिची चर्चा सर्वांत कमी होते, असा हा विपरीत प्रकार आहे.

पाणी आले आणि वाटा बुडाल्या

कोयना प्रकल्प ही महाराष्ट्राच्या औद्योगिक प्रगतीची जननी मानली जाते, आणि ते यथार्थच आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी धरणात पाणी अडले, सह्याद्रीच्या पोटातून ते पश्चिमेकडे वळविण्यात आले आणि पोफळीच्या वीजगृहातून राज्याला वीज मिळू लागली. पुढील टप्पे मिळून आज या प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॉट आहे. मुंबईचे कारखाने, पुण्याचे दिवे आणि पाचगणीच्या निवासी शाळांतील अभ्यासिका यांच्या उजेडात कोयनेचा वाटा आहे. परंतु त्या उजेडासाठी जावळी, पाटण आणि महाबळेश्वर या तालुक्यांतील नदीकाठची गावे पाण्याखाली गेली. कुणी ठाणे-रायगडकडे, कुणी सोलापूर-सांगलीकडे पुनर्वसनासाठी पाठविले गेले; कुणी आपल्याच शिवारातील उंच भागी सरकून राहिले. जे राहिले त्यांची भाताची खाचरे गेली, तशाच त्यांच्या पायवाटाही गेल्या. पूर्वी नदीचा उतार ओलांडून अर्ध्या तासात समोरच्या गावी पोहोचणारा माणूस आता अथांग पाण्याच्या अलीकडे उभा राहिला.

पश्चिम तीरावरील शिंदी, वळवण, उचाट, कांदाट यांसारख्या गावांची भौगोलिक स्थिती लक्षात घेतली तर या कोंडीचे स्वरूप कळते. त्यांच्या पाठीशी सह्याद्रीचा मुख्य कणा आणि त्यापलीकडे कोकण. रघुवीर घाटाने खेडकडे उतरण्याची सोय आहे. परंतु पावसाळ्यात दरडी कोसळल्या की तो मार्ग केव्हा बंद होईल याचा नेम नसतो. समोर जलाशय. तालुक्याची कचेरी, न्यायालय, मोठा दवाखाना, बँक आणि महाविद्यालय हे सारे या जलाशयाच्या पूर्वेस. म्हणजे ज्यांच्या जमिनीवर पाणी साठले, त्यांनाच शासनापर्यंत पोहोचण्यासाठी ते पाणी ओलांडावे लागते.

या स्थितीवर तोडगा म्हणून लाँच आली. जिल्हा परिषदेच्या लाँच आणि स्थानिक लोकांच्या होड्या यांच्यावर या खोऱ्याने आपला संसार चालविला. बाजाराचे ओझे, खताची पोती, शाळेची पुस्तके, टपालाच्या थैल्या, नवरीचे वऱ्हाड आणि आजाऱ्याची डोली हे सर्व पाण्यावरूनच गेले. पलीकडच्या शाळेवर नेमणूक झालेला शिक्षक किंवा ग्रामसेवक लाँचच्या वेळेवर आपले घड्याळ लावावयास शिकला. या भागातील तरुण माथाडी म्हणून मुंबईच्या बाजारपेठांत गेले, तेही प्रथम याच पाण्यावरून. पाण्यावरची ही एसटीच होती. फरक एवढाच की, एसटीला महामंडळ आहे, आगार आहे, वेळापत्रक आहे आणि विधिमंडळात तिच्याविषयी प्रश्न विचारले जातात. लाँचला यांपैकी काहीच नाही.

कोचीने काय केले, मुंबईने काय केले

जलवाहतूक म्हणजे तोट्याचा व्यवहार, असे अधिकारी वर्गाचे ठरलेले उत्तर असते. या उत्तराची पारख करण्यासाठी दोन बंदरांची तुलना पुरेशी आहे. मुंबईची वॉटर टॅक्सी सुरू झाली तेव्हा वेगवान बोटींचे भाडे मार्गानुसार माणशी आठशे ते बाराशे रुपयांच्या घरात होते. मोठ्या कॅटामरान बोटीसाठी ते २९० रुपये ठेवण्यात आले. बेलापूरहून मुंबईत रोज नोकरीसाठी जाणाऱ्या कारकुनाला रेल्वेचा मासिक पास याहून कितीतरी स्वस्तात मिळतो. त्याने पाण्याकडे पाठ फिरविली याचा दोष त्याला देता येणार नाही. टॅक्सी या नावातच ती कुणासाठी आहे हे सांगितलेले होते.

कोचीने याच्या उलट वाट धरली. तेथील जलमेट्रो शहराच्या मेट्रो कंपनीने उभी केली आणि बेटांवरून शहरात येणाऱ्या सामान्य माणसाला केंद्रस्थानी धरून तिची आखणी केली. आरंभी तिचे भाडे २० ते ४० रुपयांच्या दरम्यान ठेवण्यात आले, साप्ताहिक व मासिक पास देण्यात आले आणि बोटी विजेवर चालणाऱ्या निवडल्या. भरती-ओहोटीबरोबर वरखाली होणारे तरंगते धक्के बांधल्यामुळे वृद्ध आणि अपंग प्रवाशालाही बोटीत सहज पाऊल ठेवता येते. अर्थात केरळला हे एकाएकी सुचले नाही. तेथे १९६८ पासून राज्य शासनाचे स्वतंत्र जलवाहतूक खाते आहे आणि त्याच्या साध्या बोटी दशकानुदशके शाळकरी मुलांची, मच्छीमारांची आणि चाकरमान्यांची ने-आण करीत आलेल्या आहेत. याच खात्याने जानेवारी २०१७ मध्ये वैकम येथे ७५ प्रवाशांची ‘आदित्य’ ही सौरशक्तीवर चालणारी बोट सुरू केली. ज्या राज्याने पाण्याला रस्ता मानले, त्या राज्याला पाण्यावर बस चालविणे जड गेले नाही. महाराष्ट्राने पाण्याला एक तर धरण मानले किंवा सहलीचे ठिकाण.

कोयनेच्या स्थितीशी अधिक जवळचे उदाहरण हवे असेल तर ते कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात आहे. तेथे कोलंबिया नदीवर १९६८ मध्ये धरण पूर्ण झाले, अ‍ॅरो सरोवरांची पातळी वाढली, काठची वस्ती उठली आणि शेती बुडाली. या सरोवरांवर प्रांतिक सरकारच्या व्यवस्थेतून आजही फेरीबोटी चालतात आणि त्यांतून प्रवास करणाऱ्याकडून भाडे घेतले जात नाही. या फेरीबोटी महामार्गाचाच भाग मानल्या जातात. ज्याप्रमाणे पुलावरून जाणाऱ्या पादचाऱ्याकडून पैसे मागितले जात नाहीत, त्याप्रमाणे बोटीतून जाणाऱ्याकडूनही मागितले जात नाहीत. श्रीमंत देशाची चैन म्हणून हे उदाहरण बाजूला सारणे सोपे आहे. त्यामागचा विचार मात्र बाजूला सारता येणार नाही.

सवलत रस्त्यापुरतीच का?

महाराष्ट्र शासनाने एसटीच्या प्रवासात २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना मोफत प्रवासाची आणि २०२३ पासून महिलांना निम्म्या भाड्याची सवलत दिली. विद्यार्थ्यांच्या पासची परंपरा तर त्याहून जुनी आहे. या सवलतींचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. परंतु त्या एसटीच्या चाकांना बांधलेल्या आहेत. पाचगणीहून वाईला उतरणारी महिला निम्म्या तिकिटात जाते. तिचीच बहीण पाण्यापलीकडच्या गावात दिली असेल, तर तिच्या वाटेतील जो भाग पाण्यावरचा आहे त्याला ही सवलत लागू होत नाही. एकाच तालुक्यातील दोन नागरिकांमध्ये हा भेद का असावा? रस्ता डांबराचा की पाण्याचा, हे त्या महिलेने ठरविलेले नाही. ते शासनाने धरण बांधून ठरविले.

येथे दुसरी बाजूही विचारात घेणे न्यायाचे होईल. तापोळा आणि पलीकडचे अहिर यांना जोडणारा पूल उभारण्याचे काम शासनाने हाती घेतले आहे. पूल होत असताना लाँचची चिंता कशाला, असा प्रश्न विचारला जाईल. पूल हवेत, आणि ते आणखी लवकर व्हावयास हवे होते, याविषयी दुमत नाही. परंतु पूल एका ठिकाणी दोन तीर जोडतो. शिवसागराचा काठ मात्र शेकडो वळणांचा आहे. ज्या गावापासून पुलाचे टोक डोंगरी वाटेने वीस-पंचवीस किलोमीटर लांब पडेल, त्या गावाला समोरच्या धक्क्यावर नेणारी लाँचच जवळची राहणार. शिवाय जलाशयाचा पश्चिम काठ सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाला लागून आहे. त्या अरण्यातून प्रत्येक वाडीसाठी रस्ता कोरणे शक्यही नाही आणि इष्टही नाही. विजेवर किंवा सौरशक्तीवर चालणारी बोट हा तेथे झाडे न तोडता मिळणारा रस्ता आहे.

दुसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो अधिक वजनदार आहे. कोयनेचा जलाशय पावसाळ्याच्या अखेरीस भरतो तेव्हा त्यात १०५ टीएमसी पाणी असते. वीजनिर्मिती आणि सिंचन यांसाठी ते वापरले जाते आणि मे-जूनच्या सुमारास अनेक वर्षी साठा पाव हिश्श्याच्याही खाली जातो. पाणी मागे सरते, वरच्या अंगाचे फाटे कोरडे पडतात आणि धक्क्याच्या जागी चिखल उरतो. ऑक्टोबरात जेथे बोट लागते, तेथे मे महिन्यात गुरे चरतात. म्हणून पक्क्या सिमेंटचा धक्का बांधून उद्घाटनाची कोनशिला बसविणे हा येथे उपाय नव्हे. पाण्याबरोबर उतरणारे आणि चढणारे तरंगते धक्के, ऋतुमानानुसार बदलणारी थांब्यांची यादी आणि पाणी मागे हटल्यावर काठापर्यंत पोहोचविणारी जीपगाडी, असा जोड प्रबंध हवा. हे अवघड आहे, अशक्य नाही. सह्याद्रीच्या पोटात बोगदे खणून जलाशयाच्या तळाशी छिद्र पाडण्याचे ‘लेक टॅपिंग’ ज्या अभियंत्यांनी १९९९ मध्ये आणि पुन्हा २०१२ मध्ये यशस्वी करून दाखविले, त्यांच्या खात्याला तरंगता धक्का अवघड वाटू नये.

बुडालेल्या होड्यांचा धडा

पाण्यावरच्या प्रवासाकडे दुर्लक्ष केल्याची किंमत महाराष्ट्राने वारंवार मोजली आहे. १७ जुलै १९४७ रोजी ‘रामदास’ बोट मुंबईहून रेवसला जाताना बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे दगावली. त्या आठवणीने कोकणातील एक पिढी शहारत असे. ती गोष्ट जुनी झाली म्हणावी, तर ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे कृष्णेच्या महापुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली आणि दहाहून अधिक ग्रामस्थ, त्यांत स्त्रिया आणि मुले, पाण्यात गेले. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात करमाळा तालुक्यातील कुगाव आणि इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्या दरम्यान प्रवासी होडी सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली; सहा जणांचा अंत झाला. त्याच वर्षी १८ डिसेंबरला घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि पंधरा जण प्राणास मुकले.

या घटनांची कारणे भिन्न आहेत. त्यांच्यानंतर जे घडले ते मात्र एकसारखे आहे. दुर्घटना झाली की चौकशी होते, जीवरक्षक जॅकेटांची सक्ती जाहीर होते, होड्या काही दिवस बंद राहतात. नंतर पलीकडे जाण्याची गरज तशीच असल्यामुळे होड्या पुन्हा सुरू होतात आणि जॅकेटे खुंटीला लागतात. उजनीच्या काठची माणसे मौजेसाठी होडीत बसली नव्हती. समोरच्या तीरावर जाण्याचा जवळचा मार्ग तोच होता. गरज टिकून असेल तर बंदी टिकत नाही. सुरक्षित सेवा पुरविणे हाच बंदीला खरा पर्याय असतो.

यासाठी कायद्याची उणीव आहे असेही नाही. १९१७ च्या जुन्या अधिनियमाच्या जागी संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयानांविषयीचा नवा कायदा केला. जलयानांची नोंदणी, तपासणी, चालकांची पात्रता आणि जीवरक्षक साधने यांविषयीच्या तरतुदी त्यात आहेत. अंमलबजावणीचा प्रश्न मात्र उरतो. सागरी मंडळाचे लक्ष साहजिकच समुद्राकडे, जलसंपदा खात्याचे लक्ष धरणाच्या भिंतीकडे, वनखात्याचे अरण्याकडे, पर्यटन खात्याचे पर्यटकाकडे. जलाशयातून प्रवास करणारा ग्रामस्थ कोणत्या खात्याच्या वाट्याला येतो, या प्रश्नाला आज सरळ उत्तर नाही.

ब्रह्मनाळच्या संदर्भात आणखी एक विचार सुचतो. कोयना कराडला कृष्णेस मिळते आणि तिचा विसर्ग पुढे सांगलीच्या पुरात सामील होतो. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांचे महापूर सांगलीकर विसरलेले नाहीत. पूर आला म्हणजे बोटी शोधल्या जातात. बोट मिळाली तर ती हाताळणारा माणूस मिळत नाही. वर्षभर कोयनेच्या पाण्यावर नियमाने बोटी चालविणारे, वारा आणि प्रवाह ओळखणारे, प्रशिक्षित असे पाऊणशे-शंभर तरुण सातारा जिल्ह्यात तयार असतील, तर पुराच्या दिवसांत तेच सांगलीच्या मदतीला जातील. रोजची प्रवासी सेवा आणि आपत्तीतील बचावसेवा या एकाच कौशल्याच्या दोन बाजू आहेत. एकीवर होणारा खर्च दुसरीच्या उपयोगी पडतो, हे हिशेब तपासनिसांनी लक्षात घ्यावे.

आधी निवासी, मग प्रवासी

अलीकडे या जलाशयाकडे शासनाचे लक्ष वळले आहे, पण ते पर्यटनाच्या निमित्ताने. जावळी तालुक्यातील मुनावळे येथे २०२४ मध्ये जलपर्यटन केंद्राचे उद्घाटन झाले. ‘नवीन महाबळेश्वर’ या गिरिस्थान प्रकल्पाची आखणीही याच पट्ट्यात चालू आहे. पर्यटनाने स्थानिक तरुणांच्या हाताला काम मिळत असेल तर त्याला विरोध करण्याचे कारण नाही. बामणोली आणि तापोळ्याच्या बोटवाल्यांनी ते आपल्या कष्टाने सिद्धही केले आहे. पण पाचगणी आणि महाबळेश्वर यांचा अनुभव समोर आहे. तेथे पर्यटकांच्या मोटारींची रांग लागते तेव्हा शाळकरी मुलांची एसटी त्या रांगेत अडकून पडते. पाहुण्यांची सोय आधी आणि घरच्यांची नंतर, हा क्रम डांबरी रस्त्यावर जसा रूढ झाला तसा तो पाण्यावरही रूढ होऊ द्यावयाचा काय, हा निर्णय आताच घ्यावा लागेल. ज्या जलाशयावर मौजेच्या बोटींसाठी पैसा उभा राहू शकतो, त्यावर रात्री-अपरात्री अडलेल्या बाळंतिणीला नेणारी एक रुग्णनौका सदैव सज्ज ठेवणे अशक्य आहे, असे कुणी म्हणू नये.

करावयाचे ते फार मोठे नाही. जलाशयावरील प्रवासी सेवेला सार्वजनिक वाहतुकीचा कायदेशीर दर्जा द्यावा आणि ती कुणा एका यंत्रणेच्या शिरावर निःसंदिग्धपणे सोपवावी. एसटीच्या सर्व सवलती तिला लागू कराव्यात आणि तापोळा व बामणोली येथे लाँच आणि एसटी यांची वेळापत्रके एकमेकांशी जुळवावीत. स्थानिक बोटवाल्यांना हुसकावून न लावता ठरावीक फेऱ्यांचे कंत्राट त्यांनाच द्यावे. प्रत्येक बोटीची दरवर्षी तपासणी व्हावी, आणि तिची प्रवासी क्षमता धक्क्यावर मोठ्या अक्षरांत रंगवावी. खर्चाचा प्रश्न निघेलच. तेव्हा कोयनेच्या विजेच्या उत्पन्नातील अत्यल्प हिस्सा या सेवेसाठी राखून ठेवावा. तो उपकार ठरणार नाही. ज्यांच्या वाटा बुडवून ही वीज निर्माण झाली, त्यांचे ते थकलेले देणे आहे.

साठ वर्षांहून अधिक काळ हे देणे थकलेले आहे. मुंबईच्या खाडीत जलमेट्रो धावेल तेव्हा धावो. तिचे स्वागतच होईल. पण कोयनेच्या पाण्यावर वेळेवर सुटणारी, परवडणारी आणि बुडण्याची धास्ती नसलेली एक साधी लाँच चालविता आली, तरच जलवाहतुकीविषयी बोलण्याचा अधिकार महाराष्ट्राला मिळेल.